चिंचोके

कसबा बावड्यात आमची चौथी ब, पट अडतीस.
वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा वास फळ्यापर्यंत येतो
आणि खिडकीजवळचं कुणीतरी न सांगता उठून
खिडक्या लावून घेतं.
त्यालाही मी एक चिंचोका देते.

हो, चिंचोकेच. तमन्ना बागवानच्या आईनं
चिंचा फोडून पिशवीभर पाठवले, धुऊन, उन्हात वाळवून.
पाच बरण्या लोणच्याच्या,
एकीला अजून मोहरीचा वास.
गटांना नावं नद्यांची:
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती
आणि पाचवी सरस्वती.
"ती तर दिसतच न्हाई, बाई," सुयश लोहार म्हणाला,
"मग तिचे गुण कुठं लिवायचे?"

फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून नियम लिहिले.
बरोबर उत्तराला एक.
चुकलेल्यालाही एक, पण मोठ्यानं सांगितलं तर.
प्रश्न विचारला, एक.
काल येत नव्हतं ते आज आलं, दोन.
हर्षल चौगुले, ज्याचं कधीच चुकत नाही,
कमरेवर हात ठेवून उभा:
"मग बरोबर येऊन उपेग काय?"
प्रश्न विचारल्याबद्दल त्याला एक दिला.
तिरमिरला, पण घेतला.

पहिला आठवडा नुसता कालवा.
हात असे वर जायचे की बाकं सरकायची.
सात आणि पाच तेरा, कुणी छाती काढून सांगे
आणि तेराचा चिंचोका टणकन बरणीत पडे.
शेजारच्या वर्गातले माने सर दारात आले:
"बाई, शाळा आहे का कुस्त्यांचं मैदान?"
म्हटलं, सर, मैदानात पडलेल्या पैलवानालाही
खुराकाचे पैसे देतात.

इंद्रजित पोवार सरस्वतीत.
शब्द त्याच्या दाराशी येऊन अडतात,
'स' म्हणजे तर उंच उंबरा.
तो अडला की उरलेले सदतीस जण
त्याचा शब्द पुरा करून द्यायचे,
प्रेमानंच, घाईनं,
आणि तो खाली बसायचा, न बोलताच बोलून झाल्यासारखा.
महिनाभर त्याच्या नावावर
फक्त खिडकीचे चिंचोके.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी त्यानं हात वर केला.
अर्धाच, कोपरापर्यंत.
धड्यातल्या चार ओळी वाचायच्या होत्या.
दुसऱ्या ओळीवर मधली सुट्टी झाली,
बाहेर सगळी शाळा धावत सुटली.
मागच्या बाकावरून कुणीतरी शब्द पुढं केला
तशी तमन्ना गर्रकन वळली:
"थांब की. त्याचा हाय त्यो शब्द."

वाचून झालं. ती उठली,
भोगावतीच्या बरणीतला एक चिंचोका काढून
सरस्वतीत टाकला.
असा काही नियम नव्हता.
हर्षलनं बोटांवर काहीतरी मोजलं,
तुळशीच्या बरणीकडं बघितलं
आणि बसून राहिला जागेवर.
त्याचंही खरंच होतं, त्याला जिंकायचं होतं.

जिंकली तुळशीच, तीन चिंचोक्यांनी.
बक्षीस काय, तर आठवडाभर शाळेची घंटा वाजवायची.
हर्षलनं पहिला टोला असा हाणला
की कुरणे मामा डबा टाकून धावत आले.

मला वाटलं, संपलं.
शनिवारी फळ्यावर भागाकार करताना
मी बाकी लिहायची विसरले. सुयशनं दाखवलं.
"चुकलं माझं," म्हटलं, मोठ्यानं,
आणि अख्खा वर्ग चौकटीतल्या नियमांकडं बघायला लागला.
एक चिंचोका बाईंना. पण बाईंचा गट कुठला?
कासारी म्हणे आमचा, कुंभी म्हणे आमचा,
तुळशीनं तर बरणीच पुढं आणली.
इंद्रजित उभा राहिला, मुठीत माझा चिंचोका.
"बाई आमच्यात," म्हणाला, न अडता.
"स..."

सदतीस पोरं,
पुढचा शब्द जिभेवर आलेला,
तोंडं मिटून बसली.
खिडकीतून मळीचा वास येत होता.
कुणी उठलं नाही.